सहावा फर्मा शिवणार नाही

१२ जानेवारी

पोपट,

तुमच्या कॉलेजची चारशे वर्षांची स्मरणिका माझ्या टेबलावर येऊन पडली आहे. सहाशे प्रती, घडी घातलेल्या सोळा-सोळा पानांचे अठरा फर्मे, दोऱ्याची शिलाई, कापडी पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं. छापखान्यानं बांधणीचं काम कुणाला दिलंय हे तुला ठाऊक नसणार. असतं तर तू ते गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं असतंस. बाइंडर नुसत्या घड्या घालतो, वाचत नाही, असा तुम्हा शिकलेल्या माणसांचा समज असतो. मी वाचते. पाच फर्मे शिवून झाले, सहावा हातात घेतला आणि सत्त्याऐंशीव्या पानावर थांबले.

'ग्रंथालयाच्या सेवेतील एका बांधणीकाराने पहिल्या प्रवेशवहीचे तेरावे पान लंपास केले. ते आजतागायत मिळालेले नाही.'

एका बांधणीकाराने! पोपट, तो एक बांधणीकार तुला खांद्यावर बसवून त्याच ग्रंथालयाच्या पायऱ्या चढायचा. आई गेल्यावर तुझी वेणी-फणी सोडून बाकी सगळं त्यानं केलं, आणि वेणी नव्हती म्हणूनच ते राहिलं. पुस्तकात संपादक म्हणून तुझं नाव आहे, आधी डॉक्टर आणि नंतर 'अध्यक्ष, ग्रंथालय समिती'. बाबांचं मात्र नावही नाही. हे तू त्यांच्यावर उपकार म्हणून केलंस की स्वतःवर, ते तुझं तुला माहीत.

पंचेचाळीस वर्षं आपण एकमेकांना चार ओळी लिहिल्या नाहीत. बाबा गेले तेव्हा मी तार केली. तू आला नाहीस, तेव्हाही मी काही बोलले नाही. पण हे छापलेलं आहे आणि ते माझ्याच हातानं बांधून मी बाहेर पाठवावं असं तुमचं म्हणणं आहे. तर ऐक. सहावा फर्मा मी शिवणार नाही. आणि मी कॉलेजात येते आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे.

बाबा चोर नव्हते. ते पान तुमच्या ग्रंथालयाबाहेर एक दिवसही गेलेलं नाही. ते कुठे आहे हे मला माहीत आहे. मी येईन, चार माणसांसमोर ते काढून दाखवीन, मग तू सत्त्याऐंशीवं पान नव्यानं छापशील, आणि मग मी शिवीन. तुमचा समारंभ अठ्ठावीस मार्चला आहे, म्हणजे वेळ भरपूर आहे.

पाहुण्यांसाठीचा छापील अर्ज भरून सोबत जोडला आहे. 'भेटीचे कारण' या रकान्यात अभ्यास, पर्यटन, माजी विद्यार्थी आणि इतर अशा चार चौकटी आहेत. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, 'वडील'.

ताई


२५ जानेवारी

पोपट,

उत्तर आलं. टाइप केलेलं, कॉलेजच्या शिक्क्याच्या कागदावर, आणि सुरुवात काय, तर 'आपला अर्ज प्राप्त झाला'. मला 'आपण' म्हणतोस? लहानपणी माझ्या ताटातला घास उचलून पळायचास तेव्हा 'आपल्या ताटातला घास प्राप्त झाला' असं म्हणाला नव्हतास. खाली पेननं दोन ओळी आहेत तेवढ्याच तुझ्या. 'येऊन काय साधणार? लोक विसरलेत. गाडलेलं उकरू नकोस.'

विसरलेत तर छापलंस कशाला?

तू आणखी एक लिहिलंयस आणि ते खरं आहे, म्हणून ते टाळत नाही. चौकशीत बाबांनी आरोप नाकारला नव्हता. समितीनं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा ते गप्प उभे राहिले. मी दाराबाहेर होते, मलाही ऐकू येत होतं. त्यांचं ते गप्प राहणं तू कबुली म्हणून घेतलंस. मी वेगळं काही म्हणून घेतलं. दोघांनीही त्यांना विचारलं नाही.

पण तुला विचारलं होतं, आणि तू पोपटासारखा बोललास. 'होय, बाबा ग्रंथालयातून कागद घरी आणतात.' पहिल्या वर्षाला होतास, नवा कोट घातला होतास, आवाज अगदी खणखणीत होता. कुठले कागद, कशाला, ते मात्र नाही सांगितलंस. रद्दीतले पाठकोरे कागद आणून, रविवारी बसून, बाबा तुझ्या वह्या शिवायचे. शाळेपासून कॉलेजपर्यंत तू एक वही विकत घेतली नाहीस. त्या दिवशी तुझ्या हातात होती तीही त्यांनीच शिवलेली होती. समितीनं ती बघितली असती तर खटलाच संपला असता.

असो. भेटीची तयारी चालू आहे. तुम्ही पाठवलेलं माहितीपत्रक मी अभ्यासाला बसल्यासारखं वाचून काढलं. पाहुण्यांनी बाजूच्या दारानं यावं. हिरवळीवर फक्त अध्यापकांनी चालावं. पिशवी, छत्री, शाईचं पेन आणू नये. मोठ्यानं बोलू नये. मागे नकाशाही दिलाय, त्यात तळघर दाखवलेलंच नाही. जिथे बाबांनी चोवीस वर्षं आणि मी चार वर्षं पुस्तकं बांधली ती खोली तुमच्या नकाशात नाही. मला नकाशा लागणारही नाही म्हणा. डोळे बांधून सोडलंस तरी मी वाचनकक्षात जाऊन बसेन.

अर्ज तुझ्याच समितीपुढे येतो असं ऐकलं. मंजूर कर. नाही केलास तरी मी येणारच आहे, फक्त मग जरा आवाज होईल.

ताई


६ फेब्रुवारी

पोपट,

काल छापखान्याचे मॅनेजर टेम्पो घेऊन आले होते. तुझ्या सांगण्यावरून आले हे त्यांनी लपवलं नाही. बिचाऱ्यांना मी चहा दिला, बसवलं, सहाशे प्रतींचे पाच-पाच शिवलेले फर्मे दाखवले. शिलाई बघून म्हणाले, "काम एक नंबर आहे हो, ताई. पण पुढचं कधी?" म्हटलं, "संपादकांनी चूक दुरुस्त केली की." "मोठी चूक आहे का?" "एका माणसाएवढी." ते टेम्पो रिकामाच घेऊन गेले. यापुढे कुणाला पाठवणार असशील तर दुपारी पाठव, सकाळी आमची कातरकामाची गडबड असते.

तू लिहितोस, 'ठिकाण सांग, आम्ही बघून घेऊ.' वा! तुम्ही बघाल, पान मिळालं तर 'जतनाच्या कामात सापडले' अशी एक ओळ लिहाल, आणि बाबा आहेत तिथेच राहतील. ते चालणार नाही. पुस्तकाचा क्रमांक मी टेबलासमोर बसल्यावरच सांगेन.

आणि शेवटी विचारलंयस, 'पण तुला कसं माहीत?'

त्याआधी मी तुला एक सांगते, कारण ते तुला बहुतेक ठाऊक नाही. तू कॉलेजात गेलास ती जागा कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी होती. एका घरातून एकच. त्या जागेसाठी पहिला अर्ज माझा होता, तुझ्या तीन वर्षं आधीचा. गुण तुझ्यापेक्षा जास्त होते, हे टोमणा म्हणून नाही, कागद अजून आहे म्हणून सांगते. रजिस्ट्रार म्हणाले, थांबा, विचार करू. मी थांबले आणि बाबांच्या हाताखाली पुस्तकं बांधत राहिले. पगार नाही, नेमणूक नाही. बाबांची मुलगी म्हणून तळघरात यायचे, एवढंच. तीन वर्षं झाली आणि तुझा अर्ज गेला. तो आठ दिवसांत मंजूर. मी कार्यालयात जाऊन विचारलं तर रजिस्ट्रार हसून म्हणाले, "तुम्ही काय, उद्या लग्न करून जाल. जागा वाया जाईल." तेव्हा मी जे बोलले ते सगळ्या कार्यालयानं ऐकलं. तुमची ती प्रवेशवही चुलीत घाला, असंही म्हणाले. शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

लग्न मी केलं नाही, पोपट. जागा वाया गेली ती गेलीच.

हे सगळं तुझ्यावर राग म्हणून लिहिलेलं नाही. राग होता, पण तुझ्यावर नव्हता. तू घरी येऊन नव्या कोटाची बटणं मला दाखवलीस आणि एक सैल होतं ते मीच घट्ट केलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. राहू दे.

ताई


१८ फेब्रुवारी

पोपट,

तुझं एका ओळीचं कार्ड मिळालं. 'तुला कसं माहीत, ते सांग. मग बघू.' ठीक आहे. चार ओळी लिहिते, कामाला उठते आणि परत येऊन लिहिते, म्हणून अक्षर मध्ये मध्ये बदललेलं दिसेल.

कार्यालयातल्या त्या तमाशानंतर महिनाभरानं पहिली प्रवेशवही दुरुस्तीला तळघरात आली. कॉलेजची रीत तुला माहीत आहे. आलेला प्रत्येक विद्यार्थी स्वतःच्या हातानं आपलं नाव, बापाचं नाव आणि बापाचा धंदा लिहितो. चारशे वर्षांपूर्वीची ती पानं मी उलटत होते. सुतार, वैद्य, सोनार, कारकून. कुणाचं अक्षर सुंदर, कुणाचं मुंग्या चालल्यासारखं. एवढी नावं, आणि माझं कुठेच असणार नव्हतं.

पुस्तक उसवण्याआधी पानं मोजायची, आणि ती दोघांनी मोजायची, हा बाबांचा नियम. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं. त्या दिवशी बाबा वरच्या मजल्यावर पुस्तकं पोचवायला गेले होते. मी एकटीनं मोजली. कार्यालयाच्या यादीत एकशे बारा पानं होती. माझी एकशे अकरा भरली. परत मोजायला हवी होती. मी एकशे बारा लिहिलं. यादीत तेच होतं आणि मला त्या वहीचं तोंड पाहायचं नव्हतं.

राहिलेलं एक, म्हणजे तेरावं, कुठे होतं ते दुपारी कळायला हवं होतं. फार पूर्वी कुणा बाइंडरनं सुटलेलं एक पान पुठ्ठा भक्कम व्हावा म्हणून आतून चिकटवून टाकलं होतं, लिहिलेली बाजू आत. मी जुना पुठ्ठा भिजवला तसं ते सुटून हातात आलं. जाड, चिवट, हातकागद. बाबांचा दुसरा नियम असा की पुस्तकाच्या पाठीला, म्हणजे शिवणीच्या बाजूला, अस्तर लावायचं ते नव्या कागदाचं नाही, जुन्या चिवट कागदाचं. दाबयंत्रात एक जाडजूड ग्रंथ होता, वनस्पतींच्या चित्रांचा, त्याच्या पाठीला अस्तर लावायचं राहिलं होतं. मी ते पान वाळवलं, त्याच्या तीन पट्ट्या कापल्या आणि गरम सरसानं त्या ग्रंथाच्या पाठीला चिकटवून टाकल्या.

नावं मला दिसली होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. कातर लावली तेव्हा त्यावर नावं दिसत होती आणि कातर थांबली नाही. रद्दीत नेहमीच काहीतरी लिहिलेलं असतं, आम्ही वाचत बसत नाही, असं मी स्वतःला सांगत आले. मुद्दाम केलंस का, असं कुणी विचारलं तर 'नाही' म्हणेन. पण 'नाही' म्हणताना माझा आवाज मलाच पुरता पटत नाही.

आठवड्यानं वही परत गेली, पानं मोजली गेली, एक कमी निघालं. मला त्या क्षणी कळलं. बाबांना सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तीन दिवसांनी चौकशी झाली. बाबांची नोकरी गेली. तू वसतिगृहात राहायला गेलास तो परत आला नाहीस. बाबा गल्लीत एक खोली घेऊन शाळेची पुस्तकं आणि दुकानांच्या वह्या बांधायला लागले आणि मला शेजारी बसवून राहिलेलं सगळं शिकवलं. अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर काम केलं. त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. मी एकदाही सांगितलं नाही. आज ज्या दुकानात बसून लिहिते आहे ते माझ्या त्या गप्प बसण्यावर उभं आहे.

इतकी वर्षं मनात तुला शिव्या घातल्या. तू निदान बोललास, अर्धं का होईना. मी तर मूग गिळून बसले.

माफी मागत नाही. ती बाबांची मागायची होती आणि ती वेळ गेली. तुला माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटू दे, जिथे छापायचं तिथे छाप. सत्त्याऐंशीव्या पानावर चोरच हवा असेल तर माझं नाव घाल, मी ते स्वतः शिवीन. बाबांना तिथून काढ.

ताई


३ मार्च

पोपट,

तुझं उत्तर नाही. दोन शिव्या तरी घालायच्यास, मला बरं वाटलं असतं.

त्याऐवजी कार्यालयाचं पत्र आलं. भेट मंजूर. मंगळवार, दहा मार्च, सकाळी अकरा. वेळ चाळीस मिनिटं. ग्रंथपाल आणि जतन विभागाची एक कर्मचारी हजर राहतील. 'समितीचे अध्यक्ष प्रकृतीच्या कारणाने उपस्थित राहू शकणार नाहीत.' दहा तारखेला तुझी प्रकृती बिघडणार हे तुला आठवडाभर आधीच कळलं, याचं कौतुक वाटलं.

प्रवेश बाजूच्या दारानं, असंही लिहिलंय. चौकशीनंतर बाबांना बाजूच्याच दारानं बाहेर काढलं होतं, कारण पुढच्या अंगणात तुमचा पदवीदान समारंभ चालला होता. मी पुढच्या कमानीतून येणार आहे. अडवलं तर कमानीतच बसेन, गुडघे दुखतात तेव्हा बसायला मला निमित्त लागतच नाही.

दुकानातल्या शिवणाऱ्या बाई विचारत होत्या, "ताई, एवढ्या मोठ्या कॉलेजात जाताय, कपडे कुठले घालणार?" म्हटलं, कामाचे.

धाकधूक आहे, ती तुझ्यापासून लपवत नाही. पंचेचाळीस वर्षांत तो ग्रंथ पुन्हा कुणी बांधला असेल तर? तर माझ्याकडे काहीच पुरावा नाही, माझ्या शब्दाशिवाय, आणि माझा शब्द कसला आहे ते तुला गेल्या पत्रात सांगितलंच आहे. तरी येते.

ताई


११ मार्च

पोपट,

काल जाऊन आले. तू नव्हतास, म्हणून सगळं क्रमानं लिहिते. हे कार्यालयाच्या अहवालात तुला वाचायला मिळणार नाही.

कमानीतला दारवान विशी-बाविशीचा होता. "बाई, पाहुण्यांचं दार तिकडे." मी म्हटलं, "मी पाहुणी नाही." "मग कोण?" "बाइंडरची मुलगी." हे काहीतरी मोठं पद असावं असं त्याला वाटलं बहुतेक. त्यानं दार उघडलं. हिरवळीवरून मात्र गेले नाही. सकाळची ओल होती आणि माझी चप्पल नवी आहे.

वाचनकक्षात ग्रंथपाल होते, सडपातळ, सारखे घड्याळाकडे बघणारे. जतन विभागातली मुलगी होती, तिच्या नखांत वाळलेली खळ दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. हातानं काम करणारं माणूस होतं. मी ग्रंथाचा क्रमांक सांगितला. ग्रंथ आला. पुठ्ठा तोच, कापड तेच. पुन्हा कुणी बांधला नव्हता.

मुलीनं पाठीचं कापड ओलं करून, जपून, इंच इंच सोडवलं. त्यात अर्धा तास गेला. शेवटी ते उलगडलं. आणि पोपट, आत काही नव्हतं. साधा तपकिरी कागद, एकसंध, वरपासून खालपर्यंत. पट्ट्या नाहीत, नावं नाहीत. मुलीनं तो कागदही उचलून बघितला, खाली नुसता दोरा.

ग्रंथपाल म्हणाले, "बाई, दहा मिनिटं राहिली आहेत." वाईट बोलले नाहीत, उलट जरा मऊच बोलले, आणि तेच लागलं. म्हातारी बाई, जुनी गोष्ट, चुकली असेल. म्हटलं, संपलं. आता बाबा कायमचे चोर.

मग मी तो तपकिरी कागद हातात घेतला. तो खळीनं चिकटवलेला होता. मी त्या दिवशी सरस वापरला होता, कारण खळ संपली होती. आणि कागदाचे चारी कोपरे तिरके छाटलेले होते. तसे कोपरे छाटणारा एकच माणूस मला माहीत आहे. कोपरा तिरका असला की कागद सुटत नाही, असं ते म्हणायचे.

माझ्यानंतर कुणीतरी ही पाठ उघडली होती.

मी ग्रंथ मिटला आणि दोन्ही पुठ्ठ्यांवर अंगठे फिरवले. पुढचा, मागचा. पुन्हा पुढचा, मागचा. मागचा केसभर जाड. मुलीला म्हटलं, "मागच्या पुठ्ठ्याचा आतला कागद सोडव." ग्रंथपाल म्हणाले, "परवानगी फक्त पाठीची आहे." तिनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. कागद फक्त कडांना चिकटवलेला होता, पुढे कुणालातरी सोडवायचा आहे हे धरूनच.

आत तेरावं पान होतं. अख्खं. माझ्या तिन्ही पट्ट्या एकमेकींना जोडून, मागून तलम कागद लावून. सरसाचा डाग नाही, एक अक्षर गेलेलं नाही. जोड कुठे आहे ते शोधावं लागत होतं.

मी रडले, पोपट. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, तुमच्या मोठ्यानं न बोलण्याच्या खोलीत. रुमालही नव्हता, कारण पिशवी बाहेर ठेवायला लावली होती. त्या मुलीनं तिच्या कामाचं फडकं दिलं.

तक्रार आणि चौकशी यांच्यात तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत बाबांनी मला तळघरात येऊ दिलं नव्हतं. म्हणाले होते, चौकशी होईपर्यंत तू इथे दिसू नकोस. मला वाटलं, लाज वाटते त्यांना. ते तिथे बसून ही पट्टी त्या पट्टीला जोडत होते. त्या आठवड्यात मी अस्तर लावलेला ग्रंथ तो एकच, म्हणून त्यांनी तोच उघडला असणार. काप बघून कळलंच असणार कुणाचा हात आहे ते. माझी कातर डावीकडे किंचित उतरते, हे त्यांनी मला शंभरदा सुनावलेलं होतं.

पान नेऊन द्यायला काय हरकत होती, असं तू विचारशील. मीही रात्रभर तेच विचारलं. कापलेलं पान दिलं असतं तर ते कुणी कापलं हे निघालं असतं. वही चुलीत घाला म्हणून महिनाभर आधी अख्ख्या कार्यालयासमोर ओरडलेली मुलगी, आणि तिच्याच हातून त्या वहीचं पान कापलं गेलं. हे चुकून झालं असं कुणी मानलं असतं? मलाच पुरतं मानता येत नाही. म्हणून त्यांनी पान दुरुस्त करून कॉलेजलाच परत दिलं, फक्त कुठे ठेवलं ते सांगितलं नाही. आणि समितीसमोर गप्प उभे राहिले. अकरा वर्षं माझ्या शेजारी बसले, सगळं जाणून, आणि मला कोपरे छाटायला शिकवत राहिले.

ग्रंथपालांचा चेहरा उजळला होता. म्हणाले, "फार छान झालं. जतनाच्या कामात सापडले, अशी नोंद करू." मी म्हटलं, नाही. नोंदीच्या वहीत बाबांच्या नावापुढे 'चोरी' लिहिलंय, ते खोडा आणि मी सांगते ते लिहा. ते म्हणाले, वेळ संपली. मी म्हटलं, मला घाई नाही. त्यांनी दोन फोन केले. मी बसून राहिले. सव्वा तासानं त्यांनी लिहिलं: 'पान बांधणीकाराच्या मुलीने कापले. बांधणीकाराने ते जोडून याच ग्रंथालयात सुरक्षित ठेवले. चोरी झाली नाही.' खाली मी सही केली आहे. अध्यक्षांच्या सहीशिवाय ती नोंद धरत नाहीत. वही तुझ्या टेबलावर पोचली असेल. सही करणं तुझं काम आहे, त्याबद्दल मी विनवणी करणार नाही. नवं सत्त्याऐंशीवं पान ज्या दिवशी येईल त्या दिवशी सहावा फर्मा शिवीन. समारंभाला पुस्तकं वेळेवर मिळतील, तेवढा माझा हात अजून चालतो.

आता दुसरं. पान जागेवर लावायला त्या मुलीनं प्रवेशवह्यांचं कपाट उघडलं. मी म्हटलं, आमच्या पोपटाच्या वर्षाची वही दाखव. तिनं दाखवली.

तुझं नाव आहे. बाबांचं नाव आहे. धंद्याच्या रकान्यात, वरच्यानं 'शिक्षक' लिहिलंय, खालच्यानं 'दुकानदार'. मधे तुझी जागा पात्यानं खरवडलेली आहे. कागद इतका झिजलाय की मागचं पान दिसतं. चौकशीनंतर गेला असशील. एकोणीस वर्षांचा होतास, वही मागून घेतली असशील, कुणी बघत नाहीसं पाहून पातं चालवलं असशील. मला आधी संताप आला. मग माझी कातर आठवली. आपण दोघांनी त्याच वह्यांवर हात टाकला, आणि दोघांनाही कुणी पकडलं नाही.

खरवडलेल्या कागदावर लिहिलं की शाई फुटते, अक्षराचा डाग होतो. आधी ती जागा घोटून घ्यावी लागते. मुलीला म्हटलं, जरा खिडकीबाहेर काय दिसतं ते बघ. हुशार आहे ती, बराच वेळ बघत राहिली. मी खिशातून कागद घोटायची हाडाची पट्टी काढली आणि तेवढी जागा गोल गोल, हळूहळू, कागद चमकेपर्यंत घोटली.

आता शाई फुटणार नाही. जागा एका शब्दापुरती आहे. लिही.

ताई